डच जोडशब्द: जोर कुठे द्यायचा आणि शब्द कुठे तोडायचा?

पाणचक्की:

नमस्कार मंडळी. आम्ही आम्स्टेलवेनला राहतो. माझी बी-वन पातळीच्या डच परीक्षेची तयारी चालू आहे. वाचन-लेखन बऱ्यापैकी जमतं, ऐकून समजतंही. गाडं अडतं ते बोलताना, आणि तेही लांबलचक जोडशब्दांपाशी.

परवा ऑफिसात जेवताना मी 'फरब्लाइफ्सफरखुनिंग' (राहण्याचा परवाना) हा शब्द बोलले. एकही अक्षर गाळलं नाही, सगळी अक्षरं स्पष्ट आणि सावकाश म्हटली. समोरच्या डच बाईंना कळेना. शेजारच्या मुलाने तोच शब्द माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने, निम्मी अक्षरं खाऊन म्हटला आणि त्यांना लगेच कळला. म्हणजे अडचण माझ्या अक्षरांत नाही, आणखी कशात तरी आहे. सगळे म्हणतात "जोर चुकतो". पण जोर द्यायचा कुठे, हे कुणी धड सांगत नाही. पुस्तकात एक ओळ आहे, "जोडशब्दात पहिल्या भागावर आघात", आणि पुढे लगेच सरावाचे प्रश्न.

दुसरी अडचण अशी की शेजारच्या ॲमस्टरडॅममध्ये दोन नंबरच्या ट्रॅममध्ये थांब्यांची नावं पुकारतात, त्यात 'कायझर्सख्राख्त', 'प्रिन्सनख्राख्त' यांचा जोर मला स्पष्टपणे शेवटी ऐकू येतो. मग पुस्तकातल्या नियमाचं काय झालं?

आणि तिसरी, लांब शब्द पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला की तो कुठे तोडून वाचायचा? सरकारी पत्रात तो ओळीच्या शेवटी तुटलेला असला की मी आणखीच गोंधळते.

लायडनची_शिकवणी:

ताई, अगदी मोक्याचा प्रश्न विचारलात. मी लायडनला राहते आणि रविवारी ग्रंथालयात नव्याने आलेल्या मराठी-कानडी मंडळींकडून डच बोलून घेते. व्याकरण पक्कं, शब्द पाठ, आणि तरी दुकानदाराला कळत नाही, अशी कितीतरी माणसं मी पाहते. दहापैकी आठ वेळा कारण जोर हेच असतं, आणि वर्गात त्याला वेळच मिळत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी आपली सवय समजून घ्या. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखं वजन देतो. 'महानगरपालिका' म्हणताना कुठल्याही अक्षरावर जोर दिलात तरी शब्द तोच राहतो, ऐकणाऱ्याला फार तर विचित्र वाटेल. डच माणूस मात्र जोराच्या अक्षरावरूनच शब्द ओळखतो. जोर म्हणजे ओरडणं नव्हे. त्या अक्षरावर सूर चढतो, स्वर किंचित लांबतो आणि आजूबाजूची अक्षरं आखडतात. सगळी अक्षरं सारखी म्हटलीत तर त्याला पकडायला काही उरतच नाही. त्या मुलाने निम्मी अक्षरं खाल्ली तरी चाललं, कारण जे अक्षर लागतं ते त्याने नीट दिलं.

खाली जोराचं अक्षर चौकटी कंसात लिहिते. देवनागरीत डच लिहिणं ही तडजोड आहे. 'ख' म्हणजे घशातला घासून येणारा ख समजा.

नियम असा आहे. जोडशब्दातला पहिला शब्द सुटा करा. तो एकटा असताना त्यात जोर जिथे असतो, जोडशब्दातही तो तिथेच राहतो. तुमच्या पुस्तकाने 'पहिला भाग' म्हटलंय ते बरोबर आहे, पण बहुतेकजण त्याचा अर्थ 'पहिलं अक्षर' असा घेतात आणि तिथेच फसतात. 'फीत्स' म्हणजे सायकल, 'पात' म्हणजे वाट, म्हणून [फीत्स]-पात. 'झीकन' म्हणजे आजारी माणसं, म्हणून [झी]-कन-हाउस, इस्पितळ. इथे पहिलं अक्षर आणि पहिल्या शब्दाचा जोर एकाच जागी पडतात, म्हणून कुणाची चूक होत नाही. पण नगरपालिका 'खमेन्त' घ्या. तो शब्द मुळातच ख-[मेन्]-त असा आहे, म्हणून तिचं कार्यालय ख-[मेन्]-त-हाउस. कर म्हणजे ब-[लास्]-तिंग, म्हणून करखातं ब-[लास्]-तिंग-दीन्स्त. आणि तुमचा परवाना: 'फरब्लाइफ' म्हणजे वास्तव्य, त्यात जोर 'ब्लाइफ'वर, म्हणून फर-[ब्लाइफ्स]-फर-खु-निंग. सुरुवातीचं 'फर', 'ख', 'ब' ही उपसर्गासारखी अक्षरं जोर घेत नाहीत, एवढं ध्यानात ठेवलंत तरी कचेऱ्यांमधले अर्धे शब्द सुधारतील.

दुसरा भाग मात्र गिळू नका. त्याला दुय्यम जोर असतो, त्याचे स्वर शाबूत राहतात. 'फरखुनिंग'मधला 'खु' पूर्णच ऐकू आला पाहिजे, फक्त 'ब्लाइफ्स'पेक्षा खालच्या सुरात.

आता ट्रॅम. तुमचा कान तरबेज आहे. रस्त्यांची नावं हा निराळा गट आहे. 'स्त्रात' म्हणजे रस्ता, त्याने संपणारी नावं नेहमीच्या नियमाने चालतात, जसं [काल्]-व्हर-स्त्रात. 'ख्राख्त' म्हणजे कालवा, तो शेवटी आला की जोर स्वतःकडे ओढतो: काय-झर्स-[ख्राख्त], प्रिन्-सन-[ख्राख्त], हे-रन-[ख्राख्त]. पुढचा थांबा लायत्स-[प्लाइन], तिथेही जोर शेवटीच. गावांच्या नावांतही हेच बघा. 'दाम' म्हणजे बांध, त्यावर जोर असतो: आम्-स्तर-[दाम], रॉ-तर-[दाम], झान-[दाम]. तुमचं गावही आम्-स्तल-[फेन], आणि झू-तर-[मेर]. उलट [आइन्त]-हो-फन, [हिल्]-फर-सम, [आ]-पल-दोर्न. गावांची नावं तर्काने काढू नका, स्टेशनवरच्या घोषणा ऐकून पाठ करा.

काही रोजचे शब्दही नियम मोडतात, ते सरळ तोंडी घोका. स्तात-[हाउस] (जुन्या पद्धतीचं नगरभवन), बर-ख-[मेस्]-तर (महापौर), नीव-[यार] (नववर्ष). पहिला भाग 'अ'कारान्त विशेषण असेल तर जोर बहुधा पुढच्या नामावर जातो. हो-ख-[स्खोल], म्हणजे व्यावसायिक शिक्षणाचं उच्च विद्यालय, हा त्यातलाच. भाजीवाल्याकडेही ऐकू येईल: फ्लॉवर म्हणजे [ब्लूम]-कोल, पण लाल कोबी म्हणजे रो-द-[कोल].

आणि जोर सरकतो ते एक ठिकाण. जोडशब्दाला 'अख' असा विशेषणाचा प्रत्यय लागला की जोर बऱ्याचदा प्रत्ययाच्या अगदी आधीच्या अक्षरावर येतो. योगायोग म्हणजे [तू]-फाल, पण योगायोगाने घडलेलं ते तू-[फा]-लख. गुन्हा [मिस]-दात, गुन्हेगारी स्वरूपाचं मिस-[दा]-दख. हे तुमच्या पातळीला परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण एकदा ऐकलंत की बातम्यांत सतत ऐकू येईल.

छापखान्यातून:

वरच्या उत्तराला माझा पूर्ण दुजोरा. तोडण्याबद्दल मी सांगतो. हारलेममध्ये एका लहान छापखान्यात पानांची मांडणी करतो, त्यामुळे शब्द ओळीच्या शेवटी कुठे तुटतो हे माझं रोजचं काम आहे.

डचमध्ये साधा शब्द अक्षरांवर तुटतो. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या अक्षराकडे जातं, दोन असतील तर एक इकडे एक तिकडे. पण जोडशब्दात हा हिशेब नंतर. आधी दोन शब्दांचा सांधा बघायचा, आणि सांध्यापलीकडचं व्यंजन अलीकडे किंवा अलीकडचं पलीकडे ओढायचं नाही. 'हाउस' अधिक 'आर्त्स' म्हणजे घरचा डॉक्टर. साधा नियम लावला तर 'स' पुढे जाईल. तो जात नाही, शब्द हाउस-आर्त्स असाच तुटतो.

सांधा ओळखायला दोन खुणा आहेत. शब्दाच्या मध्ये अचानक आलेला 'स', जसा 'फरब्लाइफ्स'मधला, आणि 'अन', जसा 'झीकन'मधला. हे जोडाचे टाके आहेत आणि ते नेहमी डावीकडच्या शब्दाचेच. म्हणून लांब शब्द दिसला की शेवटापासून मागे वाचत या. शेवटचं ओळखीचं नाम सापडलं की ती वस्तू काय आहे ते कळलं: परवाना, घर, विमा. मग त्याच्या डावीकडे 'स' किंवा 'अन' शोधा. उरतं ते कशाचा परवाना, कुणाचं घर, याचं उत्तर.

सांधा चुकला की अर्थच बदलतो. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेले काही शब्द आहेत. 'क्वार्तस्लाखन': क्वार्त-स्लाखन असं तोडलं तर पाव-पाव फेरे, क्वार्त्स-लाखन असं तोडलं तर क्वार्ट्झ दगडाचे थर. 'दाइकराम्प': दाइक-राम्प म्हणजे बांध फुटून आलेलं संकट, दाइ-क्राम्प म्हणजे मांडीत आलेला गोळा. त्यातलं पहिलं या देशात साधी बाब नाही. १९५३ च्या ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री झेलंड आणि आसपासचे बांध फुटले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. तिसरा शब्द मसाजच्या पलंगाचा. तोच लिखित शब्द मासा-खबेत असा वाचला तर सामूहिक प्रार्थना, आणि मासाझ-बेत वाचला तर मसाजचा पलंग. इथे नुसता तुकडा बदलत नाही, उच्चारही बदलतो. संगणकाला अर्थ कळत नाही, तो यातला कुठलाही तुकडा पाडू शकतो. म्हणून अशा शब्दांत आम्ही हाताने अदृश्य तोडखूण घालतो आणि प्रत्येक पान छपाईआधी डोळ्यांखालून घालतो. सरकारी पत्रं पुष्कळदा थेट यंत्रातूनच निघतात, तिथे असं तुटलेलं दिसलं तर स्वतःला दोष देऊ नका.

तोडण्याचे आणखी तीन नियम वाचणाऱ्यालाही उपयोगी पडतात. एकच अक्षरचिन्ह ओळीच्या शेवटी किंवा सुरुवातीला एकटं ठेवत नाहीत. त्यामुळे संध्याकाळ, 'आफन्त', दोन अक्षरांची असूनही तुटत नाही. स्वरावर दोन टिंबं असतील आणि नेमकं त्यांच्या आधी शब्द तुटला तर टिंबं गळतात. 'बएइन्दखन' (संपवणे) ओळीत टिंबांसह दिसतो, तुटल्यावर टिंबांशिवाय. ही टिंबं फक्त 'इथून नवं अक्षर' एवढंच सांगतात आणि तुटलेली ओळ तेच सांगते. जोडशब्दांत मात्र १९९५ च्या शुद्धलेखन सुधारणेपासून टिंबांऐवजी आडवी रेघ आली. समुद्री बदक 'झे-एन्त' आता मध्ये रेघ देऊन लिहितात. नाहीतर सलग चार 'ई' चिन्हांत सांधा कुठे, हे कुणालाच कळलं नसतं.

शंका आली की ताल-युनीच्या अधिकृत शब्दयादीच्या संकेतस्थळावर शब्द टाका, तो तुकडे पाडून दाखवतात. ताल-युनी म्हणजे नेदरलँड्स आणि फ्लँडर्स यांनी मिळून १९८० मध्ये काढलेली भाषासंस्था. एक लक्षात ठेवा, ते तुकडे लिहिण्यासाठी आहेत. 'का?' हा शब्द लिहिताना वार-ऑम असा तुटतो, बोलताना मात्र सगळे वा-[रॉम] म्हणतात.

सांगलीचा_पाठक:

मला डच येत नाही. मुलगी डेल्फ्टला शिकते म्हणून धागा उघडला, आणि 'पहिला शब्द आपला मूळ जोर राखतो' हे वाक्य वाचून थबकलो. हे आपल्याकडे पाणिनीने नोंदवलेलं आहे! वैदिक संस्कृतात समासाचा उदात्त स्वर (म्हणजे चढा सूर) साधारणपणे शेवटच्या अक्षरावर असतो, पण बहुव्रीहीत पूर्वपद आपला मूळ स्वर तसाच ठेवतं.

आणि स्वर चुकला की काय होतं, त्याची कथा प्रसिद्धच आहे. इंद्राने विश्वरूपाला मारलं, तेव्हा त्याचा बाप त्वष्टा यज्ञ करून इंद्राचा वैरी उत्पन्न करू लागला. त्याला म्हणायचं होतं, 'इंद्राला मारणारा वाढो'. 'इन्द्रशत्रु' हा तत्पुरुष, उदात्त शेवटी हवा. त्याच्या तोंडून तो पूर्वपदावर पडला, शब्द बहुव्रीही झाला, 'इंद्र ज्याचा मारणारा आहे तो'. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. अक्षरं तीच, क्रम तोच, फक्त स्वर सरकला.

तुमच्या डच उदाहरणांत अर्थ तत्पुरुषाचा दिसतो (परवाना वास्तव्याचा, वाट सायकलची) आणि स्वर बहुव्रीहीसारखा. मला हे फार मोलाचं वाटलं. सांध्यावर व्यंजनं बदलतात का, म्हणजे आपल्या वाक् + देवी = वाग्देवी सारखी?

लायडनची_शिकवणी:

काका, बदलतात, आणि तुमचं उदाहरण नेमकं बसतं. रुमाल म्हणजे 'झाक' (खिसा) अधिक 'दूक' (कापड). म्हणताना तो [झाग्]-दूक होतो. डचमध्ये ज्या अक्षराला आपण रोमन 'जी' म्हणून ओळखतो त्याचा उच्चार ख, त्यामुळे खरा 'ग' परक्या शब्दांखेरीज जवळपास ऐकूच येत नाही. तो येतो अशा सांध्यावर, पुढच्या 'ब' किंवा 'द'मुळे. फुटबॉलचंही तसंच, 'फूत' अधिक 'बाल' मिळून [फूद]-बाल.

पण पुढे स्वर आला तर आपल्या वागीशासारखं (वाक् + ईश) होत नाही, आणि आपली माणसं नेमकी तिथे चुकतात. हात म्हणजे 'हान्त', शेवटचा वर्ण लिहितात 'द' पण म्हणतात 'त'. अनेकवचनात 'हान्दन', तिथे 'द' परत येतो. मग हस्तकाम, 'हान्त' अधिक 'आर्बाइत'? पुढे स्वर आहे म्हणून आपण हान्दार्बाइत म्हणायला जातो. ते चूक. तिथे सांधा आहे, म्हणून [हान्त]-आर-बाइत, 'त' कायम. छापखानेवाले दादा म्हणाले तो सांधा कागदापुरता नाही, तोंडातही असतो.

ऊत्रेख्तची_आई:

माझी मुलगी इथल्या शाळेत 'ख्रूप फीर'मध्ये, म्हणजे आपल्या साधारण दुसरीत आहे. त्यांना शब्द टाळ्या वाजवून तोडायला शिकवतात आणि त्या तुकड्यांना 'क्लांकख्रूप' म्हणतात. त्यावरच शुद्धलेखन उभं आहे. तुकडा स्वरावर संपला की स्वर लांब आणि चिन्ह एकच. तुकडा आखूड स्वराचा असेल तर पुढचं व्यंजन दोनदा लिहायचं. झाडं 'बो-मन', एक 'एम'. बाँब 'बॉ-मन', दोन 'एम'. जोडशब्द आला की बाई आधी विचारतात, "यात कोण कोण लपलंय?" मुलं दोन शब्द वेगळे करतात, मग टाळ्या. पाणचक्कीताई, मी तिच्याबरोबर हे करू लागले तेव्हापासून वाचताना अडखळणं पुष्कळ कमी झालं. मुलांच्या बातम्यांचा 'यख्तझुर्नाल' रोज लावते. बोलणारे स्पष्ट बोलतात आणि जोर अजिबात घालवत नाहीत.

पाणचक्की:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्याच बाईंना फर-[ब्लाइफ्स]-फर-खु-निंग म्हणून दाखवलं आणि पहिल्या फटक्यात कळलं!

एक शेपूट राहिलं. क्रियापदांचं काय? 'फोरकोमन' कोशात दोनदा दिलंय, एकदा 'घडणे, आढळणे' आणि एकदा 'टाळणे, होऊ न देणे'. दवाखान्याच्या पत्रकात तो शब्द आला आणि मला अर्थ लागेना.

लायडनची_शिकवणी:

पत्रकातल्या त्या शब्दाचा अर्थ जोरच ठरवतो. [फोर]-को-मन म्हणजे आढळणे. फोर-[को]-मन म्हणजे टाळणे. पहिल्यात जोर 'फोर'वर आहे, म्हणून तो तुटतो: वर्तमानकाळात 'कोम्त ... फोर', 'फोर' वाक्याच्या शेवटी जातो, आणि भूतकाळवाचक रूपात मध्ये 'ख' शिरतो, 'फोर-ख-कोमन'. दुसऱ्यात जोर 'को'वर, म्हणून तो एकसंध राहतो: 'फोरकोम्त', आणि 'ख' लागत नाही. म्हणजे जोर कळला की वाक्यरचनाही कळते. अशीच जोडी [ऑन्]-दर-खान, सूर्य मावळतो ते, आणि ऑन्-दर-[खान], शस्त्रक्रियेला सामोरं जाणं. आणि ओ-फर-[ले]-खन म्हणजे विचारविनिमय करणे, तर [ओ]-फर-ले-खन म्हणजे कागदपत्र सादर करणे. कचेरीत हे दोन्ही लागतात.

लिहिताना घोटाळा होईल असं वाटलं तर डच लोक जोराच्या स्वरावर तिरकी रेघ देतात, तशी मुभा आहे. पण पत्रकवाले बहुधा देत नाहीत, म्हणून संदर्भ बघा. रोग होऊ नये म्हणून काय करा असं चाललं असेल तर फोर-[को]-मन. हा रोग किती जणांना होतो असं चाललं असेल तर [फोर]-को-मन.

परीक्षेच्या अर्जावर आणखी एक भेटेल. पहिलं नाव लिहायच्या रकान्यात [फोर]-नाम. तोच शब्द फोर-[नाम] म्हटलात तर 'प्रतिष्ठित, खानदानी'. तोंडी परीक्षेत सुरुवातीलाच नाव विचारतात, तेव्हा हा आधी घोटून घ्या. तुमच्या यादीतले बाकीचे शब्द इथेच टाका, रविवारपर्यंत सगळ्यांना जोर लावून देते.